‘गेला का?’ : आवरलेल्या फटक्याचा निवाडा

१४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र. सॅन फ्रान्सिस्कोचं ओरॅकल पार्क मैदान खचाखच भरलेलं. समोरासमोर अमेरिकन बेसबॉलमधले दोन जुने वैरी, सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स. त्या मोसमात जायंट्सनी १०७ सामने जिंकले होते आणि डॉजर्सनी १०६. बाद फेरीतल्या पाच सामन्यांच्या मालिकेत दोघे दोन-दोन असे बरोबरीत आले होते. आता शेवटच्या सामन्याचा नववा डाव चालू होता. डॉजर्स २-१ ने पुढे. जायंट्सचे दोघे बाद झालेले, एक रनर फर्स्ट बेसवर. बॅटर विल्मर फ्लोरेस, समोर पिचर मॅक्स शर्झर. फ्लोरेसवर आधीच दोन स्ट्राइक पडल्या होत्या. आणखी एक पडली की सगळं संपणार होतं.

शर्झरनं स्लायडर टाकला. चेंडू खाली आणि बाहेरच्या अंगाला वळत गेला. फ्लोरेसनं फटक्याला सुरुवात केली, हा चेंडू आपल्या कामाचा नाही हे त्याला कळलं आणि त्यानं बॅट आवरली. की आवरायला उशीर झाला? होम प्लेटमागच्या अंपायरनं फर्स्ट बेसकडे हात केला. तिथं उभ्या असलेल्या गेब मोरालेस यांनी मूठ वर केली. तिसरी स्ट्राइक. सामना संपला, मालिका संपली, १०७ विजयांचा मोसम संपला.

नंतर टीव्हीवर तोच क्षण संथ गतीनं पुन्हा पुन्हा दाखवला गेला. बॅट वेळेत थांबली होती, असंच पाहणाऱ्या बहुतेकांचं मत पडलं. मोरालेस यांनी पत्रकारांना सांगितलं, की हा आमच्या कामातल्या सर्वांत अवघड निर्णयांपैकी एक आहे आणि मैदानात उभं असताना आमच्याजवळ वेगवेगळ्या कोनांतले कॅमेरे नसतात. त्यांच्या या म्हणण्यात किती तथ्य आहे, ते या प्रकरणात पाहू. या एका निर्णयात बेसबॉलचे अंपायर एकमेकांवर किती विसंबून असतात ते जसं दिसतं, तसं खेळातल्या दुसऱ्या कुठल्याच निर्णयात दिसत नाही.

आवरलेला फटका म्हणजे काय?

आधी थोडी उजळणी. पिचरनं टाकलेला चेंडू बॅटरनं मारायचा प्रयत्न केला आणि तो हुकला, तर ती स्ट्राइक. मग चेंडू कितीही बाहेर असो. बॅटरनं प्रयत्नच केला नाही, तर चेंडू कुठून गेला ते अंपायर पाहतो. होम प्लेटच्या वरच्या ठरावीक चौकटीतून गेला तर स्ट्राइक, नाही तर ‘बॉल’. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद, चार बॉल झाले की तो फुकटात फर्स्ट बेसवर जातो.

म्हणजे चौकटीबाहेरच्या चेंडूचं काय करायचं, हे एकाच प्रश्नावर ठरतं. बॅटरनं प्रयत्न केला की नाही? बहुतेक वेळा उत्तर उघड असतं. पण कधीकधी बॅटर निम्म्या वाटेत विचार बदलतो आणि सगळा जोर लावून बॅट थांबवतो. यालाच चेक स्विंग म्हणतात. नियमांच्या पुस्तकात त्याला हाफ स्विंग असा शब्द आहे.

हे इतकं घाईचं का होतं, ते आकड्यांवरून कळेल. पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे साधारण साडेअठरा मीटर. ताशी दीडशे किलोमीटरच्या वेगानं आलेला चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरायला साधारण ०.१५ सेकंद लागतात. राहिलेल्या वेळात बॅटरला चेंडू ओळखायचा असतो, तो कुठं पडणार याचा अंदाज बांधायचा असतो आणि मारायचं की सोडायचं ते ठरवायचं असतं. स्लायडरसारखा चेंडू तर सुरुवातीला सरळ येणारा वाटतो आणि शेवटच्या टप्प्यात वळतो. म्हणून फटका सुरू केल्यावर पस्तावणं हे बॅटरच्या रोजच्या जगण्यातलं आहे.

आता खरी अडचण. मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या, नियमांत फटका नेमका कुठं पूर्ण झाला, याची व्याख्याच नाही. बॅटरनं चेंडूला मारण्याचा प्रयत्न केला आणि तो हुकला तर स्ट्राइक, एवढंच तिथं लिहिलं आहे. बॅट प्लेटच्या पुढच्या कडेपलीकडे गेली का, मनगटं वळली का, या खुणा समालोचक आणि प्रेक्षक सर्रास वापरतात. पण त्या नियमांत कुठंही सापडत नाहीत. चेंडू हलकेच अडवण्यासाठी, म्हणजे बंटसाठी, बॅटर बॅट प्लेटवर आडवी धरतो आणि ऐन वेळी मागं घेतो. तेव्हा बॅट प्लेटच्या पुढं असूनही ती आपोआप स्ट्राइक होत नाही. नियमाला बॅटची जागा विचारायची नाही, बॅटरचा प्रयत्न विचारायचा आहे. प्रयत्न ही मनातली गोष्ट, आणि ती ठरवायची असते बॅटच्या हालचालीवरून, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढ्यात.

ज्याच्या समोर घडतं, त्याला का दिसत नाही?

प्लेट अंपायर बॅटरच्या अगदी जवळ असतो. मग त्यालाच का दिसू नये? याचं उत्तर त्याच्या कामातच आहे. तो चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या मागं, बॅटर आणि कॅचर यांच्या मधल्या फटीतून पाहतो. पिचरच्या हातातून सुटल्यापासून कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे हातमोज्यात, शिरेपर्यंत चेंडूचा माग काढायचा, हे त्याचं पहिलं काम. चेंडू चौकटीच्या काठावरून गेला की काठाबाहेरून, हे त्यालाच सांगायचं आहे. नजर एका क्षणासाठी जरी बॅटकडे वळली तरी चेंडू सुटतो. म्हणून बॅट त्याला दिसते ती नजरेच्या कडेला, ओझरती.

आणि समजा त्यानं बॅटकडेच टक लावून पाहिलं, तरी कोन त्याच्याविरुद्ध असतो. हे घरच्या घरी करून पाहता येतं. टेबलाशी बसा. तुमच्या बाजूची कड म्हणजे कॅचरची बाजू आणि पलीकडची कड म्हणजे पिचरची. एक लांब पेन्सिल घ्या, तिचं एक टोक टेबलाच्या मध्यावर बोटानं दाबून धरा. ही बॅटची मूठ. दुसरं टोक तुमच्याकडे वळवा. उजव्या हाताच्या बॅटरची बॅट अशीच मागून सुरू होते. आता ते टोक उजवीकडून फिरवत पुढं न्या. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर सहाच्या आकड्यावरून तीनकडे आणि तिथून बाराकडे. पेन्सिल तीनवर आली की बॅट प्लेटच्या पुढच्या कडेला समांतर झाली. चेक स्विंगचे सगळे वाद साधारण इथून सुरू होतात.

आता मान खाली घालून डोळे टेबलाच्या पातळीला आणा आणि पेन्सिल तीनवरून दोनच्या आकड्यापर्यंत सरकवा. काय दिसलं? जवळजवळ काहीच नाही. पेन्सिलीची लांबी डोळ्यांना जेमतेम सातव्या हिश्श्यानं कमी झालेली वाटते. टोक तर बरंच पुढं गेलं आहे, पण ते तुमच्यापासून दूर, तुमच्या नजरेच्या दिशेनंच गेलं. प्लेट अंपायर बॅटरच्या अगदी जवळ असला तरी जी हालचाल त्याला मोजायची, तीच त्याला सर्वांत कमी दिसते.

आता टेबलाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात, म्हणजे दीडच्या दिशेला, चहाचा कप ठेवा. हा फर्स्ट बेसचा अंपायर. बेसबॉलचं मैदान होम प्लेटपासून ९० अंशांत उघडतं आणि फर्स्ट बेसची रेषा मधल्या रेषेपासून ४५ अंशांवर असते, म्हणून कप बरोबर तिथं. कपाच्या जागी डोळा नेऊन होम प्लेटकडे पाहा आणि दुसऱ्या कुणाला पेन्सिल फिरवायला सांगा. पेन्सिल तीनवर असताना टोक मुठीच्या डावीकडे स्पष्ट दिसतं. ती पुढं येत जाते तसं टोक मुठीकडे सरकत येतं. दीडच्या दिशेला आली की ती थेट तुमच्याकडे रोखलेली असते, टोक आणि मूठ एकमेकांवर येतात, पेन्सिलीचा ठिपका होतो. त्यापुढं गेली की टोक मुठीच्या उजवीकडे बाहेर पडतं. जी हालचाल मागून जवळपास दिसतच नव्हती, ती इथून डावीकडून उजवीकडे उलगडत जाते.

उजव्याला फर्स्ट, डाव्याला थर्ड

म्हणून अंपायरांची एक पक्की रीत आहे. उजव्या हाताचा बॅटर असेल तर फर्स्ट बेसच्या अंपायरला विचारायचं आणि डाव्या हाताचा असेल तर थर्ड बेसच्या. ज्याच्याकडे बॅटरचं तोंड आणि छाती असते, त्याला बॅट आणि हात उघड दिसतात. दुसऱ्या बाजूच्याला दिसते ती बॅटरची पाठ. फ्लोरेस उजव्या हातानं खेळतो, म्हणून त्या रात्री प्रश्न मोरालेस यांच्याकडे गेला.

होम प्लेट ते फर्स्ट बेस हे अंतर ९० फूट आहे आणि अंपायर बेसच्याही मागं, रेषेच्या बाहेर उभा असतो. म्हणजे जवळचा माणूस नव्वद फुटांहून लांबच्या माणसाला विचारतो, ‘तुला काय दिसलं?’ ऐकायला उलटं वाटतं, पण चहाच्या कपाजवळ डोळा नेलेल्या माणसाला ते पटतं. कुठून पाहिलं, याला इथं अंतरापेक्षा जास्त किंमत आहे.

त्या लांबच्या अंपायरला मात्र आयतं काही मिळत नाही. पिचर चेंडू टाकायच्या आधी त्यानं नियमबाह्य हालचाल तर केली नाही ना, फर्स्ट बेसवरच्या रनरला बाद करायला तो अचानक तिकडे चेंडू फेकतो का, यावर त्याला लक्ष ठेवायचं असतं. चेंडू होम प्लेटकडे सुटल्याबरोबर सगळं लक्ष बॅटकडे न्यायचं. सामन्यातल्या बहुतेक चेंडूंवर कुणी काही विचारणार नाही, हे ठाऊक असूनही प्रत्येक चेंडूवर उत्तर तयार ठेवायचं. उत्तर तयार नसलेला अंपायर प्रश्न आल्यावर क्षणभर घुटमळतो, आणि ते घुटमळणं पूर्ण मैदानाला दिसतं.

विचारायचं कसं, सांगायचं कसं

हा सगळा संवाद दोन-तीन शब्दांत आणि दोन खुणांत संपतो. प्लेट अंपायर चेंडू ‘बॉल’ आहे असं सांगतो. मग कॅचर किंवा त्याच्या संघाचा मॅनेजर विनंती करतो, की तुमच्या साथीदाराला विचारा. प्लेट अंपायर पुढं येतो, डावा हात लांब करून बेसवरच्या अंपायरकडे रोखतो आणि विचारतो, ‘गेला का?’ म्हणजे बॅटर फटक्यात गेला का. हात डावा, कारण अंपायर स्ट्राइकची खूण उजव्या हातानं करतो आणि बघणाऱ्याचा गोंधळ व्हायला नको. बेसवरचा अंपायर लगेच उत्तर देतो. गेला असेल तर मूठ वर. नसेल तर दोन्ही हात आडवे पसरून ‘नाही’, रनर सुरक्षित असल्याची जी खूण, तीच.

यामागचे नियम नीट पाहण्यासारखे आहेत. मेजर लीगच्या नियम ८.०२ च्या खुलाशात ते दिले आहेत. दाद मागता येते ती फक्त ‘बॉल’ दिला असेल तर. प्लेट अंपायरनं स्वतःच स्ट्राइक दिली, तर बॅटरला ‘दुसऱ्याला विचारा’ असं म्हणायचा हक्क नाही. विनंती करायचा अधिकार कॅचरला आणि मॅनेजरला, आणि ती आली की प्लेट अंपायरला साथीदाराला विचारावंच लागतं. ‘मला खात्री आहे’ असं म्हणून टाळता येत नाही. साथीदारानं स्ट्राइक दिली तर तीच कायम. विनंती पुढचा चेंडू पडायच्या किंवा पुढची खेळी सुरू व्हायच्या आत करायची. आणि उत्तर आल्यावर वाद घालायला मॅनेजर फर्स्ट किंवा थर्ड बेसच्या अंपायरकडे धावला, ताकीद मिळूनही थांबला नाही, तर त्याला मैदानाबाहेर काढता येतं.

यातला ‘विचारावंच लागतं’ हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. मदत मागायची की नाही, हे अंपायरच्या अहंकारावर सोडलेलं नाही. मॅनेजर चुकीच्या निर्णयाची तक्रार करू शकत नाही, पण अंपायरनं साथीदाराला विचारलं नाही अशी तक्रार करू शकतो. नियम लिहिणाऱ्यांनी चूक माफ केली आणि न विचारणं मात्र माफ केलं नाही.

क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला यात ओळखीचं काही दिसेल. क्रिकेटमध्येही अपील झाल्याशिवाय अंपायर बाद देत नाही आणि दुसऱ्याला जास्त चांगलं दिसलं असेल तर त्याच्याशी बोलतो. स्टंपिंगचा निर्णय तर स्क्वेअर लेगच्या अंपायरचाच असतो, कारण पाय क्रीजच्या आत आहे की बाहेर, हे बाजूनं दिसतं. फरक एवढाच, की क्रिकेटमध्ये ती कामं आधीच वाटून दिलेली आहेत. चेक स्विंगमध्ये पहिला निर्णय एकाचा असतो आणि तो सर्वांसमोर, काही क्षणांत, दुसऱ्याच्या हाती जातो.

चेंडू अजून जिवंत आहे

प्रश्नोत्तरं चालू असताना खेळ थांबलेला नसतो. चेक स्विंगची दाद मागताना चेंडू जिवंत असतो, असं नियमच सांगतो, आणि त्यामुळे विलक्षण प्रसंग उद्भवतात.

समजा दोन स्ट्राइक झाल्या आहेत आणि फर्स्ट बेस मोकळा आहे. चेंडू खाली पडतो, बॅटर फटका आवरतो, कॅचरला चेंडू नीट पकडता येत नाही. प्लेट अंपायर ‘बॉल’ म्हणतो. बॅटर सुटकेचा श्वास टाकून तिथंच उभा राहतो. तेवढ्यात फर्स्ट बेसवरून मूठ वर होते. तिसरी स्ट्राइक! पण कॅचरनं ती झेललेली नाही, आणि अशा वेळी बॅटरला फर्स्ट बेसकडे धावायचा हक्क असतो. आता त्यानं पळायचं आणि कॅचरनं त्याला चेंडू लावायचा किंवा फर्स्ट बेसला फेकायचा. निर्णय यायला जितका उशीर, तितका कुणावर तरी अन्याय. म्हणून अशा वेळी विनंतीची वाट न पाहता प्लेट अंपायरनं स्वतःहून लगेच साथीदाराकडे हात करावा, असं अंपायरांना शिकवलं जातं. इथं विचारण्याचा वेग हाच न्यायाचा भाग असतो.

दुसरा प्रसंग रनरचा. तीन बॉल झालेले असताना फर्स्ट बेसवरचा रनर सेकंड बेसकडे धावत सुटतो. चौथा बॉल दिला गेला, बॅटरला फर्स्ट बेस मिळाला, म्हणजे रनरला सेकंड आपोआप मिळणार, असं समजून तो पाय सैल सोडतो. दाद मागितल्यावर तोच चेंडू स्ट्राइक ठरतो, आणि कॅचरनं फेकलेल्या चेंडूवर रनर बाद होऊ शकतो. रनरनं आणि कॅचरनं याबाबत सावध राहावं, असा इशारा नियमाच्या पुस्तकातच छापलेला आहे.

तिसरा प्रसंग जिवंत चेंडूचा नाही, पण तितकाच विलक्षण आहे, अंगावर आलेल्या चेंडूचा. चेंडू बॅटरला लागला की त्याला फर्स्ट बेस मिळतो. पण तो फटका मारत असताना लागला, तर बेस नाही, उलट स्ट्राइक. म्हणजे हात चोळत फर्स्ट बेसकडे निघालेला बॅटर साथीदार अंपायरच्या एका मुठीनं परत बोलावला जाऊ शकतो.

दोघांचाच संघ असेल तेव्हा

मेजर लीगमध्ये नेहमीच्या सामन्यांना चार अंपायर असतात आणि बाद फेरीत सहा. चारांची ही पद्धत १९५२ पासून रूढ आहे. त्यामुळे फर्स्ट आणि थर्ड बेसवर प्रत्येकी एक माणूस असतो आणि उजव्याला फर्स्ट, डाव्याला थर्ड ही वाटणी शक्य होते.

पण जगातले बहुतेक बेसबॉलचे आणि सॉफ्टबॉलचे सामने दोनच अंपायरांवर चालतात. अमेरिकेतल्या खालच्या पायरीच्या व्यावसायिक लीगही त्यात आल्या. महाराष्ट्रात शाळा-कॉलेजांतून सॉफ्टबॉल खेळलेल्यांनी हे चित्र पाहिलेलं असेल. एक प्लेटमागं आणि एक मैदानात. रनर नसेल तर मैदानातला अंपायर फर्स्ट बेसच्या रेषेजवळ असतो. उजवा बॅटर असेल तर छान, पण डावा असेल तर पाठीमागून पाहावं लागतं. बेसवर रनर आले की त्याला मैदानाच्या आत, पिचरच्या मागच्या बाजूला सरकावं लागतं. तिथून तो बॅटकडे जवळजवळ समोरून पाहतो आणि प्लेट अंपायरची अडचण त्यालाही येते, बॅट पुढं किती आली ते कळत नाही. तरीही विचारलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं. कमी माणसांत काम करणाऱ्या अंपायरांवर ओरडण्याआधी प्रेक्षकांनी एवढं लक्षात घ्यायला हवं.

म्हणूनच चांगले अंपायर सामन्याआधी एकत्र बसतात तेव्हा या विषयावर बोलून घेतात. खुणा कोणत्या, स्वतःहून कधी विचारायचं, डाव्या बॅटरला काय करायचं. आणि एक गोष्ट अनुभवानं पक्की झालेली असते. साथीदाराला खूश करण्यासाठी उत्तर द्यायचं नाही. प्लेट अंपायरनं ‘बॉल’ म्हटलं आहे, आता त्याचं म्हणणं फिरवलं तर तो उघडा पडेल, हा विचार मनात आला की विचारण्याचा अर्थच संपला. ज्याला दिसलं त्यानं दिसलं तसं सांगायचं, आणि विचारणाऱ्यानं ते मान खाली न घालता स्वीकारायचं.

पिनेली यांची शेवटची स्ट्राइक

सगळेच चेक स्विंग दुसऱ्याकडे जात नाहीत, याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण ८ ऑक्टोबर १९५६ चं. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना. यांकीजचा पिचर डॉन लार्सननं ब्रुकलिन डॉजर्सच्या २६ बॅटरांना एकामागून एक बाद केलं होतं, एकालाही बेसवर पोचू दिलं नव्हतं. सत्ताविसावा आणि शेवटचा बॅटर डेल मिचेल. दोन स्ट्राइक झाल्यावर लार्सनचा ९७ वा चेंडू आला. मिचेलनं फटका सुरू केला आणि थांबवला. प्लेट अंपायर बेब पिनेली यांनी स्वतःच स्ट्राइक दिली. चेंडू बाहेर होता, असं मिचेलचं म्हणणं होतं. पण स्ट्राइक दिली गेली होती, आणि स्ट्राइकवर दाद नाही. वर्ल्ड सीरिजच्या इतिहासातला आजवरचा एकमेव परफेक्ट गेम असा पूर्ण झाला. प्लेटमागं उभं राहून काम करण्याची पिनेली यांची ती शेवटची वेळ होती.

१९५६ आणि २०२१ हे दोन क्षण शेजारी ठेवले की या नियमाची रचना कळते. शंका नसेल तर प्लेट अंपायर एकट्यानं निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारी एकट्यानं उचलतो. शंका असेल किंवा कुणी दाद मागितली, तर निर्णय ज्याला जास्त दिसतं त्याचा. दोन्ही वेळा मैदानात एकच शब्द अंतिम असतो.

रेघ कोण ओढणार?

आता कॅमेऱ्यांचं युग आहे. २०१४ पासून मेजर लीगमध्ये बरेच निर्णय व्हिडिओ पाहून तपासता येतात, पण त्यात चेक स्विंग नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये २०२६ च्या मोसमासाठी एक नवी पद्धत मंजूर झाली. चेंडू चौकटीतून गेला की नाही, याबद्दल खेळाडू यंत्राकडे दाद मागू शकतो. तिच्यातही चेक स्विंग नाही. चेंडूची जागा मोजता येते, पण फटका कुठं पूर्ण झाला, हे मोजायचं तर आधी कुणीतरी रेघ ओढायला हवी, आणि मेजर लीगच्या नियमांत ती रेघ नाही.

ती ओढायचे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलच्या नियमांत बॅटचा जाड भाग बॅटरच्या पुढच्या बाजूच्या कमरेपलीकडे गेला की स्ट्राइक, असं लिहिलं आहे. दक्षिण कोरियाच्या केबीओ लीगनं ऑगस्ट २०२५ पासून चेक स्विंगची व्हिडिओ तपासणी सुरू केली. तिथं बॅट प्लेटच्या पुढच्या कडेला समांतर होऊन पिचरच्या बाजूला गेली की फटका झाला. मेजर लीगनं २०२४ च्या ॲरिझोना फॉल लीगमध्ये आणि २०२५ मध्ये फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये जी चाचणी घेतली, तिच्यात बॅट मुठीच्या पुढं ४५ अंशांपलीकडे गेली तरच फटका, असं ठरवलं होतं.

मघाच्या टेबलावर हे मोजून पाहा. कोरियाची रेघ घड्याळातल्या तीनवर आहे. अमेरिकेच्या चाचणीतली रेघ दीडवर, चहाचा कप ठेवला होता बरोबर तिथं. बॅट थेट फर्स्ट बेसच्या अंपायरकडे रोखली जाते, तो हा कोन. एकच फटका सोलमध्ये स्ट्राइक ठरेल आणि फ्लोरिडात बॉल. यंत्र दोन्हीकडे अचूक असेल, पण कुठली रेघ न्याय्य, हे यंत्र सांगणार नाही. ते माणसांनाच बसून ठरवावं लागेल, आणि माझ्या मते ते मेजर लीगनं आता ठरवायला हवं. व्याख्या न देता निर्णय मागायचा आणि मग निर्णय देणाऱ्याला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.

रेघ आली, कॅमेरे आले, तरी दोन अंपायरांमधला तो छोटा संवाद लगेच संपणार नाही. पहिला निर्णय मैदानातच द्यावा लागेल आणि चेंडू जिवंत असताना तो तत्काळच लागेल. जगभरच्या शाळांच्या, गावांच्या, छोट्या लीगच्या मैदानांवर तर कित्येक वर्षं दोन माणसंच असतील, कॅमेरे नसतील.

आता बेसबॉलचा सामना पाहाल तेव्हा एक करा. बॅटर निम्म्यात थांबला की सगळे त्याच्या बॅटकडे पाहतात. तुम्ही प्लेट अंपायरच्या डाव्या हाताकडे पाहा आणि मग तो हात जिकडे रोखलेला आहे तिकडे. आपल्याला दिसलं नाही हे हजारो लोकांसमोर मान्य करणारा एक माणूस तुम्हाला दिसेल, आणि आपल्याला काय दिसलं ते नव्वद फुटांवरून न घुटमळता सांगणारा दुसरा. निर्णय तुमच्या संघाच्या विरोधात गेला, तरी त्या दोघांनी आपलं काम नीट केलं का, हे आधी पाहा.